आरपी ग्रुपमध्ये नवीन आहेस? आधी समोरच्यासाठी जागा ठेव

प्रश्न: ताई, मी नागपुरातच इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मित्राने त्याच्या ऑनलाइन रोल-प्लेइंग (आरपी) ग्रुपमध्ये घेतलं, जिथे प्रत्येक जण एक पात्र घेऊन सगळे मिळून गोष्ट खेळतात. मी पाच पानांची पार्श्वभूमी लिहून पात्र बनवलं, पहिल्याच सीनमध्ये जोरदार एंट्री घेतली, आणि कोणी रिप्लायच देऊन नाही राहिलं. नियमही अर्धे डोक्यावरून जातात. जुने लोक नवीन लोकांना मुद्दाम बाजूला ठेवतात का? आणि सुरुवात नेमकी कशी करायची?

उत्तर:

मुद्दाम बाजूला ठेवणारे ग्रुप असतात, नाही असं नाही. पण मी बरीच वर्षं नागपुरातल्या आणि बाहेरच्या पोरापोरींची अशा खेळांची टेबलं चालवते आहे, आणि नवीन माणसाला उत्तर मिळत नाही तेव्हा कारण बहुतेक वेळा फार साधं असतं. त्याने जे लिहिलेलं असतं त्यात दुसऱ्याने करायला काही उरलेलंच नसतं. तुझी एंट्री मी वाचलेली नाही, पण तू ‘जोरदार’ म्हणतोस तेव्हा अंदाज येतो. आपलंच घोडं पुढे दामटलं की बाकीचे बाजूला सरकून वाट देतात, आणि मग आपण म्हणतो, काऊन कोणी बोलत नाही बाप्पा.

एवढी एक गोष्ट पकड: तुझ्या प्रत्येक चालीनंतर दुसऱ्या कोणाला तरी काही करावंसं वाटलं पाहिजे. नियम, फासे, आवाज बदलून बोलणं, सुंदर भाषा हे सगळं त्याच्या नंतर.

आता तू कुठल्या प्रकारच्या ग्रुपमध्ये आहेस ते पाहा, कारण ‘आरपी’ या एकाच नावाखाली बरीच वेगवेगळी प्रकरणं चालतात. डिस्कॉर्ड या चॅट ॲपवर नुसतं लिहून खेळणारे असतात. रोल२० सारख्या व्हर्च्युअल टेबलवर नकाशा मांडून, आवाजात डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा फाशांचा, काल्पनिक जगातला खेळ खेळणारे असतात. जीटीए ५ या गेमवर फाइव्हएम हे जोड-सॉफ्टवेअर टाकून चालणारी अख्खी शहरं असतात, ज्यात कोणी पोलीस, कोणी टॅक्सीवाला, कोणी गुंड. आणि वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टसारख्या मोठ्या एमएमओमध्ये (खूप लोक एकत्र खेळतात अशा ऑनलाइन गेममध्ये) रोल-प्लेवाले आपले वेगळे गिल्ड, म्हणजे गट, करून जमतात. यांचे शिष्टाचार एकमेकांना लागू पडत नाहीत. शहर-सर्व्हरवर विनाकारण गोळी घातली की आरडीएम (रँडम डेथमॅच), गाडीखाली घेतलं की व्हीडीएम (व्हेइकल डेथमॅच), आणि दोन्हींवर सरळ बॅन बसू शकतो. लिहून खेळणाऱ्यांमध्ये हे शब्द क्वचितच ऐकू येतात. तिथे लोक दुसऱ्याचं पात्र परस्पर हलवलं म्हणून चिडतात.

टाइप करून खेळायचा हा प्रकार तसा भल्ला जुना आहे. १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ नावाचं निव्वळ शब्दांचं जग उभं केलं होतं. याच बार्टलने १९९६ मध्ये खेळाडूंचे चार प्रकार मांडले: काहीतरी मिळवत राहणारे, जग धुंडाळणारे, माणसांत रमणारे आणि दुसऱ्यावर कुरघोडी करण्यात मजा घेणारे. ही वर्गवारी मी काही प्रमाण मानत नाही, पण आपण कुठे बसतो हे एकदा स्वतःला विचारून बघावं. लेव्हल वाढवायची हौस असलेला पोरगा गप्पांत रमणाऱ्या ग्रुपमध्ये पडला की दोन्हीकडून वैताग होतो. तिथे चूक कोणाचीच नसते, ग्रुप बदलायचा असतो फक्त.

तुझ्या वर्णनावरून तू लिहून खेळायच्या ग्रुपमध्ये आहेस आणि फासेही चालतात असं धरून पुढचं सांगते.

पहिले चार-पाच दिवस नुसतं वाच. नियमांचं चॅनल आणि वर पिन केलेले मेसेज तर वाचायचेच, पण त्याहून जास्त उपयोग होतो तो आधीचा एखादा पूर्ण झालेला सीन सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचण्याचा. त्यात बघ: लोक चार ओळी लिहितात की चार परिच्छेद? ‘मी जातो’ लिहितात की ‘तो जातो’? एका उत्तरानंतर दुसरं यायला तास लागतो की दोन दिवस? मराठी, हिंदी, इंग्रजी यांची खिचडी कितपत चालते? पात्राचं बोलणं आणि खेळाडूचं स्वतःचं बोलणं वेगळं कसं दाखवतात? बहुतेक ठिकाणी स्वतःचं बोलणं दुहेरी कंसात टाकतात आणि त्याला ओओसी (आउट ऑफ कॅरेक्टर, म्हणजे पात्राबाहेरचं) म्हणतात. ज्याचे मेसेज बाकीच्यांच्या चौपट लांब असतात त्याचं कोणी पूर्ण वाचत नाही, हे मी तुला आताच सांगून ठेवते. पाच पानी पार्श्वभूमीचंही तेच होतं. गेममास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा, ती वाचतो, बिचाऱ्याला वाचावीच लागते. बाकीचे पहिला परिच्छेद वाचून थम्स-अप टाकतात.

नियमांचा बाऊ करू नकोस. डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ १९७४ पासून आहे आणि त्याच्या नियमांची पुस्तकं जाडजूड आणि महाग आहेत, पण तुला ती विकत घ्यायची गरज नाही, टेलिग्रामवरून चोरीची पीडीएफ उतरवायचीही नाही. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम ‘सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट’ या नावाने जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोकळे आहेत. त्यातलाही पात्राच्या सहा गुणांचा (ताकद, चपळाई वगैरे) भाग, वीस बाजूंच्या फाशाचा भाग आणि एका पाळीत काय काय करता येतं तेवढं वाच. जादूच्या याद्या तुझं पात्र जादू करत नसेल तर उघडूही नकोस.

फाशाचं गणित एकदा हाताने करून बघ, म्हणजे भीती जाते. समज, भिंत चढायला गेममास्टरने १५ चा आकडा गाठायला ठेवला आणि तुझ्या पात्राला फाशाच्या आकड्यात अधिक ३ मिळतात. म्हणजे फाशावर १२ किंवा त्याच्या वर यायला हवं. वीसपैकी नऊ बाजू तुझ्या कामाच्या, म्हणजे ४५ टक्के. आता तुझ्या सोबत्याने खालून दोर धरला आणि गेममास्टरने ‘ॲडव्हान्टेज’ दिला, तर दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. दोन्ही फासे फसण्याची शक्यता वीसपैकी अकराचा वर्ग, म्हणजे साधारण ३० टक्के. तुझं काम होण्याची शक्यता एकदम ७० टक्क्यांच्या जवळ जाते. एका दोरामुळे! एकट्याने पराक्रम गाजवण्यापेक्षा दुसऱ्याला ‘जरा दोर धर’ म्हणण्यात काय फायदा आहे, हे नियमांतच लिहून ठेवलेलं आहे, पण नवीन लोक मदत मागायला कमीपणा मानतात.

पात्र बनवताना सहा गुणांना वाटायला १५, १४, १३, १२, १० आणि ८ असे तयार आकडे मिळतात. सगळे जण पंधरा कुठे टाकायचा यावर डोकं खपवतात. मी नवीन खेळाडूला विचारते, तुझा आठ कुठे आहे? आठ म्हणजे त्या गुणात उणे १, म्हणजे ती गोष्ट तुला सरासरी माणसापेक्षाही वाईट जमते. जो गडी भाल्याने रानडुक्कर पाडतो पण बाजारात दरवेळी फसवला जातो, त्याच्यासोबत बाकीच्यांना खेळावंसं वाटतं, कारण त्याला सांभाळण्यात त्यांनाही काम मिळतं.

आणि तो शापित राजपुत्र. अरे, दर महिन्याला एक तरी येतोच. आईबाप मारले गेले, कोणावर विश्वास नाही, काळा झगा, कोपऱ्यात एकटा उभा, डोळ्यांत वेदना. तो कोपऱ्यात उभा राहतो आणि वाट पाहतो की कोणीतरी येऊन त्याला त्याच्या वेदनेबद्दल विचारावं. कोणी काऊन विचारेल? सगळ्यांना आपापली कामं आहेत. त्यापेक्षा पाच पानांच्या जागी तीन ओळी लिही: पात्राला आत्ता, या आठवड्यात, काय हवं आहे; ते काय लपवून आहे; आणि ग्रुपमधल्या कोणत्या एका पात्राशी त्याचा आधीपासून काही संबंध आहे. इतवारीसारख्या बाजारातला कापड दुकानाचा मुनीम घे. पोळ्याच्या आत चाळीस मोहरा जमवायच्या आहेत, मालकाच्या वहीत खोटी नोंद केलेली आहे, आणि ही नोंद ज्याने पाहिली तो हमाल दुसऱ्या खेळाडूचं पात्र आहे. झालं पात्र. बाकीची पार्श्वभूमी खेळता खेळता सापडते, आणि ती तशी सापडलेलीच जास्त लक्षात राहते.

आता एंट्रीकडे येऊ. आमच्या एका मोहिमेचं, म्हणजे लांब चालणाऱ्या गोष्टीचं, गाव नागपूरच्या जुन्या महाल भागावर बेतलेलं आहे. तिथेही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची (शेवटी जाळायच्या मोठ्या बाहुलीची) मिरवणूक निघते, लोक ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणून ओरडतात, बडग्यांवर (सोबतच्या पुरुषी पुतळ्यांवर) राजाच्या कारभाऱ्यांना टोमणे लिहिलेले असतात. फरक एवढाच की यंदा मारबत पेटवली तरी जळत नाही. अशा सीनमध्ये नवीन खेळाडू साधारण असं लिहितो:

‘रुद्रसेन गर्दी चिरत पुढे येतो. एका झटक्यात पहारेकऱ्याला लोळवतो, मशाल हिसकावतो आणि मारबतीत दडलेल्या चेटकिणीला बाहेर ओढतो. सगळे थक्क होऊन बघत राहतात.’

वाचायला ठीक आहे. पण पहारेकरी पडला की नाही हे फाशाने किंवा गेममास्टरने ठरवायचं होतं. मारबतीत चेटकीण आहे हे कोणी सांगितलेलंच नव्हतं. आणि ‘सगळे थक्क झाले’ यात बाकीच्या चार खेळाडूंची पात्रंही आली, ज्यांनी थक्क व्हायचं की हसायचं हे त्यांचं त्यांनी बघायचं असतं. याला गॉडमोडिंग म्हणतात. ग्रुपमध्ये यावरून भांडणं होतात, पण बरेचदा भांडणही होत नाही, नुसती शांतता पसरते. तुझ्याकडे पसरली तशी.

तोच रुद्रसेन, तीच मारबत:

‘रुद्रसेन वाट काढत मारबतीपाशी येतो. चटका बसतो आहे, पण बांबू काळासुद्धा पडलेला नाही. तो हात लावायला जातो, तेवढ्यात पहारेकरी भाला आडवा धरतो. रुद्रसेन मागे वळून वैदीणबाईंना शोधतो. “गंगूमाय, यंदाचे बांबू वेगळ्या रानातले आहेत म्हणत होतात ना तुम्ही? कोणत्या?”’

इथे पहारेकऱ्याचं काय करायचं ते गेममास्टरच्या हातात राहिलं. गंगूमाय खेळणारीला थेट प्रश्न आला, आणि ती खरं सांगेल किंवा थाप मारेल, दोन्हींत मजा आहे. बांबूचा व्यापारी खेळणारा तिसराच कोणी असेल तर त्याचे कान टवकारले. यात एक मेख मात्र आहे. ‘म्हणत होतात ना’ असं लिहून रुद्रसेनने गंगूमायच्या तोंडी एक वाक्य आधीच घातलं आहे. म्हणून असं काही लिहिण्याआधी त्या खेळाडूला ओओसीत विचारायचं: ((बांबूबद्दल गंगूमाय आधी बोलली होती असं धरलं तर चालेल का?)) बहुतेक वेळा ‘चालेल’ येतं, आणि नाही आलं तर वाक्य बदलायला मिनिट लागत नाही.

तुझा अडकलेला सीन सोडवायलाही हाच मार्ग. त्याच चॅनलवर दुहेरी कंसात सरळ लिही की माझी एंट्री बाकीच्यांना जागा ठेवणारी नव्हती, शेवटच्या दोन ओळी रद्द धरा, आणि जे मी परस्पर ठरवलं त्यासाठी आता फासा टाकतो. मग खरंच फासा टाक. फसला तर फसू दे. शत्रूने तुझ्या वीराला चिखलात पाडलं आणि दुसऱ्या कोणाला त्याला उठवावं लागलं, तर तुला एका झटक्यात सोबती मिळाला असं समज. माफीचं लांबलचक पत्र लिहू नकोस, त्याने बाकीच्यांनाच अवघडल्यासारखं होतं.

मेटागेमिंग हा दुसरा शब्द तुझ्या कानावर येईल. तू खेळाडू म्हणून दुसऱ्या चॅनलवर वाचलंस की सोनार हा हेर आहे. तुझं पात्र तिथे नव्हतं. तरी पुढच्या सीनमध्ये ते सोनाराकडे संशयाने बघायला लागलं, तर तो चोरीचाच प्रकार. उलट, सगळं माहीत असताना पात्राला त्याच सोनाराकडे विश्वासाने दागिने ठेवायला लावलंस, तर जुने खेळाडू तुझ्यावर खूश होतात. मला स्वतःला नवीन माणसाची पारख करायला एवढी एक खूण पुरते.

सुरुवातीला ‘सेशन झिरो’ असेल तर ते चुकवू नकोस. त्यात गोष्ट सुरू होत नाही, काय चालेल आणि काय नाही हे ठरतं. कोणाला कोळी चालत नाहीत, कोणाला लहान मुलांवरचे अत्याचार अजिबात नको असतात. काही विषय पूर्ण बंद, काही पडद्याआड, अशी यादी करतात. शिवाय बऱ्याच टेबलांवर ‘एक्स कार्ड’ असतं. जॉन स्टावरोपोलस या गेममास्टरने रूढ केलेली ही पद्धत आहे. सीन सहन होत नसेल तर चॅटमध्ये नुसतं ‘एक्स’ टाकायचं, सीन तिथेच वळवतात, कारण विचारत नाहीत. आपल्याकडच्या खेळात मी याला आणखी एक जोड देते: खऱ्या जातींवर, खऱ्या देवांवर, जिवंत पुढाऱ्यांवर पात्रं बेतायची नाहीत. बडग्यावर टोमणे लिहायला काल्पनिक कारभारी पुरेसे आहेत.

वेळेबद्दल. ग्रुपमध्ये परदेशातले लोक असतील तर ‘रात्री आठ’ म्हणजे कोणाचे आठ हे विचारून घे. उन्हाळ्यात लंडनचे रात्रीचे आठ म्हणजे आपले साडेबारा, न्यूयॉर्कचे आठ म्हणजे आपली दुसऱ्या दिवशीची पहाट, साडेपाच. हिवाळ्यात त्यांची घड्याळं तासभर मागे जातात, आपली जात नाहीत, म्हणून तेच सेशन आपल्याकडे दीड वाजता आणि साडेसहाला येतं. अमेरिका आणि युरोप हे एकाच दिवशी बदलत नाहीत. मार्चमध्ये, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या वळणावर, नवीन लोक यामुळे हमखास सेशन चुकवतात. आणि मे महिन्यात आपल्याकडे धूळवादळ आलं की लाइट जाते. आवाजाचं सेशन असेल तर मोबाइल डेटा आणि फोनवरचं ॲप तयार ठेव, आणि गेलीच लाइट तर एका ओळीत कळव. चार लोक तुझ्या पाळीसाठी थांबलेले असतात. गेममास्टर तर आठवडाभर नकाशे काढत बसलेला असतो, ते सगळं बिनपगारी, लष्कराच्या भाकऱ्या.

पोरींच्या बाबतीत एक स्पष्ट सांगते, कारण मला हे दरवर्षी कोणाला तरी सांगावं लागतं. पात्र स्त्री असेल म्हणून खेळणारी स्त्रीच असेल असं नाही, आणि असली तरी तिच्या इनबॉक्समध्ये जाऊन फोटो, इन्स्टाग्राम, ‘कुठली आहेस’ हे विचारायचं नाही. दोन पात्रांचं खेळात प्रेम जुळलं तर ते त्या पात्रांचं. पात्राची भावना खेळाडूच्या अंगाला चिकटते, तिला ‘ब्लीड’ म्हणतात, आणि ती खरीच असते. तसं वाटायला लागलं तर गेममास्टरला सांगून सीन थोडा थांबवायचा. समोरच्यावर ओझं टाकायचं नाही.

अकाउंटची काळजी घे. ‘फ्री नायट्रो’ची (नायट्रो म्हणजे डिस्कॉर्डची पैसे भरून घ्यायची सेवा) लिंक किंवा क्यूआर कोड ओळखीच्याच नावाने येतो, कारण त्या ओळखीच्याचं अकाउंट आधीच गेलेलं असतं. अनोळखी कोड स्कॅन केला की तुझ्या डिस्कॉर्डचं लॉगिन दुसऱ्याच्या हातात जाऊ शकतं. टू-फॅक्टर आजच चालू कर, ओटीपी कोणालाही देऊ नकोस, ॲडमिन म्हणवणाऱ्यालाही नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन कर, ती सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. आणि शहर-सर्व्हरवर खेळायची पाळी आली तर ‘प्रायॉरिटी’साठी (रांगेत आधी नंबर लागण्यासाठी) किंवा गाडीसाठी डोनेशन मागतात, ते पहिल्या एक-दोन महिन्यांत देऊ नकोस. सर्व्हर टिकतो की नाही तेच तोवर कळत नाही.

जुने लोक खरोखरच वाईट वागत असतील तर? नवीन माणसाच्या फाशावर हसणं, त्याला न विचारता त्याचं पात्र मारून टाकणं, ओओसीत टिंगल. असं दोनदा दिसलं की गेममास्टरला खासगीत सांग, एकदाच, नेमकं काय झालं ते लिहून. तरी फरक पडला नाही तर दुसरा ग्रुप बघ. पण न सांगता गायब होऊ नकोस. ‘मी थांबतो आहे, माझ्या मुनिमाला हमालाच्या खटल्यात साक्षीदार करा किंवा गावच्या दिंडीसोबत पंढरपूरला पाठवा, तुमच्या सोयीने’ एवढं लिहिलं तरी गेममास्टरचं अर्धं काम होतं. नागपूरच्या खेळाडूंचं वर्तुळ लहान आहे. पुढच्या टेबलवर त्यांच्यातला कोणीतरी भेटतोच.